माहितीला तक्त्याची शिस्त लावणारा गणिती

रात्री उशिरा, कार्यालये रिकामी झाल्यावर, डेटाबेस सर्व्हरची देखभाल करणाऱ्या माणसाचे काम सुरू होते. त्याच्यासमोर चित्रे नसतात, बटणे नसतात. असतो तो काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. तेथे तो एकेक आज्ञा टंकित करतो. आज्ञेच्या पाठोपाठ आडवी रेघ आणि एखादे अक्षर देऊन तो सर्व्हरला तपशील पुरवतो. कोणत्या यंत्राशी जोडायचे, कोणत्या नावाने, कोणत्या पोर्टवर, हे सारे या छोट्या अक्षरांत सामावलेले असते. त्यात चूक परवडत नाही. मायएसक्यूएलच्या आज्ञेत छोटा ‘पी’ म्हणजे पासवर्ड, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तोच छोटा ‘पी’ म्हणजे पोर्ट. आज्ञेतच पासवर्ड लिहून टाकला तर तो त्या यंत्रावरील इतरांच्या नजरेस पडण्याचा धोका असतो. म्हणून जाणकार तेथे केवळ पर्याय देतात आणि सर्व्हरने विचारल्यावरच पासवर्ड भरतात.

या माणसाने रात्रीतून माहितीची साठवण बदलली, नवी सूची बांधली किंवा जुनी माहिती दुसऱ्या डिस्कवर हलवली, तरी सकाळी कामावर येणाऱ्या कारकुनाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याचा प्रोग्रॅम कालच्याप्रमाणेच चालतो. ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणाला तरी सुचावी लागली होती, याचाच विसर पडतो. ज्यांना ती सुचली, त्या एडगर फ्रँक कॉड यांचे आयुष्य मात्र आपल्याच संस्थेला हा विचार पटवून देण्यात झिजले.

वैमानिक ते संगणकतज्ज्ञ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पोर्टलंड नावाचे खडकाळ बेट आहे. तेथे १९ ऑगस्ट १९२३ रोजी कॉड यांचा जन्म झाला. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय होता, आई शिक्षिका होती आणि सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. पूल येथील ग्रामर स्कूलमधून ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाले. इतक्यात महायुद्धाने शिक्षणात खंड पाडला. विद्यार्थी म्हणून सैन्यसेवेतून सवलत मिळू शकत असतानाही त्यांनी स्वेच्छेने शाही हवाई दलात नाव नोंदवले आणि सागरी गस्तीच्या तुकडीत सुंदरलँड जातीची विमाने चालवली. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले आणि १९४८ मध्ये गणिताची पदवी घेऊन बाहेर पडले.

त्याच वर्षी त्यांनी अटलांटिक ओलांडला. न्यूयॉर्कमध्ये काही काळ मेसीज या प्रख्यात दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात विक्रेता म्हणून आणि नंतर टेनेसी विद्यापीठात गणिताचे अध्यापक म्हणून त्यांनी दिवस काढले. १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये रुजू झाले. कंपनीच्या न्यूयॉर्कमधील अवाढव्य गणनयंत्रासाठी ते प्रोग्रॅम लिहू लागले.

अमेरिकेत तेव्हा सिनेटर मॅकार्थी यांचा अंमल सुरू झाला होता. कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली माणसांवर संशयाची छाया धरली जात होती. हे वातावरण असह्य होऊन कॉड यांनी १९५३ मध्ये देश सोडला आणि ते कॅनडातील ओटावा येथे गेले. चांगली नोकरी तत्त्वासाठी सोडून देण्याचा हा स्वभाव पुढेही त्यांच्या आयुष्यात डोकावत राहिला. आयबीएममधील जुन्या वरिष्ठाशी योगायोगाने भेट झाली आणि १९५७ मध्ये ते परतले. ‘स्ट्रेच’ या महत्त्वाकांक्षी संगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याच्या व्यवस्थेवर त्यांनी काम केले.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, बहुतेकांची शिकण्याची हौस संपते त्या वयात, कंपनीच्या शिष्यवृत्तीवर ते मिशिगन विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. जॉन फॉन नॉयमन यांनी स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडताना प्रत्येक पेशीसाठी २९ अवस्था धरल्या होत्या. कॉड यांनी हेच काम ८ अवस्थांत होते, हे सिद्ध केले. पसारा कमी करून मोजक्या साधनांत तेच सामर्थ्य मिळवायचे, ही त्यांच्या विचाराची पद्धत येथेच स्पष्ट झाली.

वाटांचे जंगल

साठच्या दशकाच्या अखेरीस कॉड कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत आले. मोठमोठ्या कंपन्यांची माहिती तोवर संगणकात जमा होऊ लागली होती. पण तिची रचना झाडासारखी होती. मुळापासून फांदीकडे आणि फांदीकडून पानाकडे जावे, तेव्हा हवी ती नोंद सापडे. अपोलो मोहिमेसाठी घडवलेली आणि पुढे आयबीएमने बाजारात आणलेली आयएमएस ही प्रणाली याच पठडीतली. दुसरी पद्धत जाळ्याची होती. चार्ल्स बाकमन हे तिचे अग्रणी. तीत नोंदी एकमेकींना दुव्यांनी बांधलेल्या असत आणि प्रोग्रॅमरला त्या दुव्यांवरून वाट काढत जावे लागे.

दोन्हींत अडचण एकच होती. माहिती कशी साठवली आहे, हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात लिहिलेले असे. साठवणीत बदल झाला की प्रोग्रॅम कोलमडत. एका साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठीही तज्ज्ञाला नवा प्रोग्रॅम लिहावा लागे.

जून १९७० मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या मासिकात कॉड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे प्राथमिक रूप आदल्या वर्षी कंपनीअंतर्गत अहवालाच्या स्वरूपात निघाले होते. सुटे भाग आणि प्रकल्प यांची तीच माहिती पाच वेगवेगळ्या रचनांत साठवता येते आणि एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर निरुपयोगी ठरतो, हे त्यांनी उदाहरणासह दाखवले. त्यावरचा त्यांचा उपाय शाळकरी मुलालाही कळेल असा होता. सारी माहिती तक्त्यांत ठेवावी. आडव्या ओळीत एक नोंद, उभ्या रकान्यात एक गुणधर्म. दोन तक्त्यांचा संबंध छुप्या दुव्याने न जोडता दोन्हींत असलेल्या समान मूल्याने जोडावा. पुरवठादाराचा क्रमांक दोन्ही तक्त्यांत असेल, तर आणखी कोणत्याही धाग्याची गरज नाही.

साध्या दिसणाऱ्या या मांडणीखाली गणिताचा पक्का पाया होता. संच आणि त्यांतील संबंध यांचे शास्त्र जुनेच होते. कॉड यांनी ते व्यवहाराच्या नोंदींना लावले. तक्त्यांची निवड करणे, त्यातील रकाने वेगळे काढणे, दोन तक्ते जोडणे अशा क्रियांचे एक बीजगणितच त्यांनी उभे केले. काय हवे ते माणसाने सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे, असा या साऱ्याचा अर्थ होता. एकच गोष्ट अनेक ठिकाणी लिहिली गेली की एके ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते. हा दोष टाळण्यासाठी तक्त्यांची शिस्तबद्ध विभागणी कशी करावी, याचे नियमही त्यांनी पुढील काही वर्षांत घालून दिले.

घरचाच विरोध

या विचाराला पहिला अडसर आला तो कॉड यांच्या स्वतःच्या कंपनीतून. आयएमएसला ग्राहक मिळत होते, पैसा येत होता. चालते दुकान सोडून नव्या कल्पनेमागे धावण्याची व्यवस्थापनाला घाई नव्हती. अनेक जाणत्या अभियंत्यांनाही वाटे की, तक्त्यांची ही मांडणी कागदावर शोभून दिसेल, पण प्रत्यक्षात ती अतिशय संथ चालेल. वाट काढण्याचे काम कुशल प्रोग्रॅमर करतो, ते यंत्राला कसे जमावे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या काळात तो गैरवाजवीही नव्हता.

मे १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत कॉड आणि बाकमन समोरासमोर आले. बाकमन यांना आदल्याच वर्षी संगणकशास्त्रातील सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. ज्या गावी कॉड यांनी डॉक्टरेट मिळवली, तेथेच त्यांना आपल्या सिद्धान्ताची बाजू लढवावी लागली. या वादात लगेच कोणाचा जय झाला नाही, पण तरुण संशोधकांचे लक्ष तक्त्यांकडे वळले.

दरम्यान, सॅन होजे येथेच ‘सिस्टीम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येणारी भाषा घडवली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर पसरली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सर्वांत स्वस्त वाट कोणती याचा हिशेब यंत्र स्वतः करू शकते. संथपणाच्या आक्षेपाला हेच खरे उत्तर होते. तिकडे बर्कले येथे मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी ‘इंग्रेस’ उभारले. याच घराण्यातून पुढे पोस्टग्रेएसक्यूएलचा जन्म झाला.

आयबीएमने आपले निष्कर्ष निबंधांतून खुलेपणाने प्रसिद्ध केले आणि त्यांचा व्यापारी लाभ आधी इतरांनी उठवला. हे निबंध वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचे पहिले असे उत्पादन १९८१ मध्ये आणि डीबी२ हे प्रमुख उत्पादन १९८३ मध्ये आले. ज्याच्या घरात विहीर खणली गेली, त्याच्याआधी शेजाऱ्यांनी पाणी भरले.

मान आणि मतभेद

आयबीएमने १९७६ मध्ये कॉड यांना ‘फेलो’ हा आपला सर्वोच्च तांत्रिक सन्मान दिला. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण समाधान त्यांच्या वाट्याला पुरतेपणी आले नाही. एसक्यूएल त्यांच्या सिद्धान्ताच्या आधारावर उभी होती, तरी तीत त्यांना अनेक तडजोडी दिसत. एकाच तक्त्यात तंतोतंत सारख्या दोन ओळी राहू देण्याची मुभा हे त्यांना संचाच्या मूळ कल्पनेशीच विसंगत वाटे. १९८६ मध्ये अमेरिकेत हीच भाषा प्रमाण ठरली.

१९८४ मध्ये ते आयबीएममधून निवृत्त झाले. तोवर बाजारात प्रत्येक विक्रेता आपल्या मालावर ‘रिलेशनल’ अशी पाटी लावू लागला होता. पाटी खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ग्राहकाला कळावे म्हणून ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉड यांनी संगणक क्षेत्रातील एका साप्ताहिकात नियमांची यादी मांडली. ‘कॉड यांचे बारा नियम’ म्हणून ती प्रसिद्ध आहे, मात्र शून्यापासून मोजल्याने ते भरतात तेरा. त्या वेळचे एकही उत्पादन या कसोटीला पूर्णपणे उतरत नव्हते.

काळ्या पडद्यासमोर बसणाऱ्या देखभालकर्त्याला हे नियम रोज उपयोगी पडतात. डेटाबेसमध्ये कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, याची यादीही तक्त्यांतच असावी आणि नेहमीच्याच भाषेत विचारता यावी, असे चौथा नियम सांगतो. साठवण बदलली तरी प्रोग्रॅम अबाधित राहावेत, असे आठवा सांगतो. मागच्या दाराने शिरून माहितीवरील बंधने मोडता येऊ नयेत, असा बारावा दंडक आहे. सर्व्हर बंद करण्याचीच आज्ञा घ्या. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तिचे तीन पर्याय आहेत. पहिला सारे वापरकर्ते बाहेर पडेपर्यंत थांबतो. दुसरा चालू व्यवहार मागे घेऊन सर्वांना बाहेर काढतो. तिसरा तत्काळ सारे थांबवतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना सर्व्हरला आपली नोंदवही वाचून स्वतःला सावरावे लागते. तिन्ही मार्गांत पूर्ण झालेला व्यवहार टिकावा आणि अर्धवट व्यवहार उरू नये, याची हमी पुढच्या पिढीतील जिम ग्रे यांच्यासारख्या संशोधकांनी दिली. तिची इमारत कॉड यांच्या तक्त्यांवरच चढली.

उत्तरायुष्यात ख्रिस डेट यांच्यासोबत त्यांनी सल्लागार संस्था चालवली. १९९० मध्ये त्यांनी आपल्या प्रतिमानाची दुसरी आवृत्ती ग्रंथरूपाने मांडली. तीत नियमांची संख्या ३३३ वर गेली. मोजक्या साधनांचा आग्रह धरणाऱ्या माणसाची ही यादी पेलायला उद्योग तयार नव्हता. १९९३ मध्ये माहितीच्या विश्लेषणासंबंधी त्यांनी लिहिलेला निबंध एका विक्रेत्या कंपनीच्या पैशावर तयार झाल्याचे उघड झाले आणि त्यावरून टीका झाली. विक्रेत्यांच्या पाट्या तपासणाऱ्या माणसाबाबत असे घडावे, याची त्यांच्या चाहत्यांना खंत वाटली. पण या एका प्रकरणाने १९७० च्या निबंधाचे मोल कमी होत नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथे हृदयक्रिया बंद पडून कॉड यांचे निधन झाले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी डेटाबेस संशोधनातील महत्त्वाच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या पश्चात इंटरनेटच्या प्रचंड व्यापासाठी तक्ते सोडून वेगळ्या रचनांकडे जाण्याची लाट आली. काही कामांसाठी त्या रचना उपयुक्तही ठरल्या. मात्र जेथे पैशाचा हिशेब चुकून चालत नाही, तेथे बहुतेक ठिकाणी आडव्या ओळी आणि उभे रकाने आपली जागा राखून आहेत. त्यांची निगा राखणारा माणूस आजही रात्री काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करतो आणि सकाळी त्याचे काम कोणाच्या लक्षात येत नाही. कॉड यांना नेमके हेच अभिप्रेत होते.