पडद्याआडच्या बायकांची वकील

बालमित्रांनो, आपल्या गंगाखेडची गोदामाय नाशकाहून येते. त्याच नाशकात १५ नोव्हेंबर १८६६ रोजी कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या. पुण्यात शिकून त्या विलायतेला गेल्या. १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून पदवी मिळायला ३० वर्षे लागली! इकडे बायकांना वकिली बंद. तरी त्या घरी बसल्या नाहीत.

पडदा पाळणाऱ्या विधवांना परक्या पुरुषाशी बोलता येत नसे. त्यांच्या जमिनी दुसरेच बळकावत. कॉर्नेलियाबाई थेट माजघरात जात, गाऱ्हाणी ऐकत, कायदा समजावून सांगत. १९०४ साली सरकारने बंगालमध्ये त्यांना याच कामावर नेमले.

१९२३ साली बायकांना वकिली खुली झाली. पन्नाशी उलटली होती, तरी कॉर्नेलियाबाई कलकत्त्यात वकिली करू लागल्या. १९५४ साली त्या वारल्या.

मुलींनो, वाट बंद दिसली म्हणून शाळा सोडू नका!