ज्ञानकोशकार केतकर आणि कोशकारांची फळी

संस्थेतील जाणते माणूस गेले की, त्याने कमावलेला अनुभवही त्याच्याबरोबर जातो. आपल्याकडील अनेक संस्थांची ही जुनी व्यथा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे चरित्र त्या दृष्टीने आजही बोधप्रद ठरते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून १९११ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. मायदेशी परतल्यावर मात्र प्राध्यापकीत न रमता, मराठीत सर्व विषयांचा ज्ञानकोश सिद्ध करण्याचा संकल्प त्यांनी सोडला.

हे काम एकट्याचे नव्हे, याची त्यांना पुरेपूर जाण होती. राजाश्रय नव्हता, पदरी पैसाही नव्हता. म्हणून १९१६ च्या सुमारास नागपुरात त्यांनी मर्यादित कंपनीच्या स्वरूपात ज्ञानकोश मंडळ स्थापन केले. वर्गणीदार मिळवून भांडवल उभारले, सहकारी जमविले आणि त्यांना या कामात तयार केले. पुढे मंडळ पुण्यास आले. १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे, त्यानंतरचे सोळा अकारविल्हे नोंदींचे होते. बाविसावा खंड केवळ सूचीचा होता. साठविलेले ज्ञान हवे तेव्हा सापडले नाही तर ते असून नसल्यासारखेच, हे त्यामागील मर्म होय.

केतकर एवढ्यावरच थांबले नाहीत. या बारा वर्षांच्या उद्योगाची हकिगत त्यांनी स्वतंत्र ग्रंथरूपाने लिहून ठेवली. कोशाबरोबरच कोश कसा घडला, हेही त्यांनी समाजाच्या स्वाधीन केले.

१९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. तथापि अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गुजराती ज्ञानकोशाचे त्यांनी आरंभिलेले काम अपुरेच राहिले.

त्यांची विद्या मात्र अपुरी राहिली नाही. ज्ञानकोश मंडळात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड प्रसिद्ध केले आणि नंतर सुलभ विश्वकोशही सिद्ध केला. ज्ञानकोशातील अनेक नोंदी आज कालबाह्य झाल्या असतील. परंतु केतकरांनी घडविलेल्या माणसांमुळे मराठीतील कोशकार्याची परंपरा त्यांच्यानंतरही खंडित झाली नाही.