पंडिता रमाबाई आणि सृष्टीचे सहा दिवस

ठाण्याहून पुण्यास जाणारी आगगाडी पुढे दौंडची वाट धरते, तेव्हा मध्ये केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. खोपटच्या ज्या विद्यार्थ्यांचे आजोळ सोलापूरकडे आहे, त्यांनी ते खिडकीतून पाहिले असेल. त्या गावी पंडिता रमाबाईंनी अनाथ स्त्रियांसाठी मुक्तिसदन उभारिले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी तेथेच संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत उतरविण्यात वेचिली, ह्याची आठवण फारसे कोणी काढीत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष ओढवून घेतला होता. त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, पुढे मुलीस पाठ दिले. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे आणि देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगून निर्वाह करी. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंस मुखोद्गत होते. हे पुराण संस्कृतातच म्हटले जाई. त्याचा अर्थ देशभाषेत सांगण्याची चाल नव्हती. श्रोते भक्तिभावाने ऐकत, पुढे काही दक्षिणा ठेवीत आणि उठून जात; समजले किती, हे कोणी विचारीत नसे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले. भावासह पायी हिंडत त्या १८७८ त कलकत्त्यास पोहोचल्या, तेथे त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. विवाह १८८० त, वैधव्य १८८२ त. १८८३ त इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, १८८९ त मुंबईस शारदासदन काढिले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो विधवा व मुली केडगावी आणिल्या. ह्या निरक्षर बायांस वाचता आले तरी त्यांनी वाचावे काय? छापलेले मराठी बायबल होते, पण त्यातील संस्कृतप्रचुर भाषा त्यांस कळेना. तेव्हा पंचेचाळिशी उलटलेल्या रमाबाई हिब्रू व ग्रीक ह्या भाषांच्या अभ्यासास लागल्या.

आता उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे पाहू. शास्त्राच्या तासाला विद्यार्थी विचारतात की, सूर्य चौथ्या दिवशी झाला तर पहिल्या दिवशी उजेड कोठून आला? प्रश्न रास्त आहे. पण त्या अध्यायाची बांधणी पाहिली म्हणजे हा क्रम घड्याळाचा नसून रचनेचा आहे असे दिसू लागते. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड व अंधार वेगळे होतात, मग आकाश व जल, मग कोरडी भूमी. पुढील तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या जागा भरतात. उजेडाच्या जोडीला ज्योती, आकाश व जल ह्यांच्या जोडीला पक्षी व मासे, भूमीच्या जोडीला पशू व मनुष्य. विभागणी आणि मग सजावट अशी ही जोडणी तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ह्यानेही मांडली होती. प्रत्येक दिवस संध्याकाळ व सकाळ सांगून मिटतो. सातवा मात्र तसा मिटत नाही. ‘चांगले’ हा शब्द अध्यायात सात वेळा येतो, आणि मूळ हिब्रूतील पहिल्या वाक्यात शब्दही सातच आहेत. सूर्यचंद्रांची तर नावेच नाहीत. मोठी ज्योत आणि लहान ज्योत, एवढेच. शेजारची राष्ट्रे ज्यांस देव मानीत, त्यांस येथे केवळ दिव्यांचे काम दिले आहे.

अशा अध्यायाचे भाषांतर करणे पंडितास फार कठीण. साहित्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष. म्हणून विद्वानाची लेखणी एका ठिकाणी ‘उत्तम’, दुसऱ्या ठिकाणी ‘शोभन’ असे पालटून लिहू पाहते, आणि त्याबरोबर सारी बांधणी विस्कटते. कीर्तनातील पालुपद कोणी प्रत्येक खेपेस बदलीत नाही, तसेच हे आहे.

रमाबाईंच्या तीनशे वर्षे आधी फादर स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याने ही सृष्टिकथा मराठी ओवीत गाइली. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त गोव्यात रायतूर येथे छापले गेले. पुराणाचा आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीपासून व्हावा ही आपल्या श्रोत्यांची सवय त्याने अचूक हेरिली होती. परदेशी माणसाने पुराणाचे वस्त्र पांघरावे आणि पुराणिकाच्या कन्येने ते उतरवून ठेवावे, हा योग मोठा विलक्षण खरा! रमाबाईंनी प्रौढ संस्कृत शब्द व जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळिले. साधेपणाच्या ह्या हट्टापायी कोठे कोठे भाषा रुक्ष होणारच, आणि रसिकांस ती रुचली नाही तर नवल नाही. मंडळ्यांत चलन राहिले ते बायबल सोसायटीच्याच भाषांतराचे. तथापि न समजणाऱ्या श्रोत्यांपुढे जिचे बालपण श्लोक म्हणण्यात गेले, तिला समजण्याची किंमत आपल्याहून अधिक ठाऊक असणार.

१९२१ त एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, त्याआधी भाषांतर पुरे झाले होते. ते केडगावच्याच छापखान्यात छापिले गेले. तेथे खिळे जुळविणाऱ्या हातांत, दुष्काळातून आलेल्या आणि केडगावीच अक्षरे शिकलेल्या स्त्रियांचे हात होते.