पिकाचा हिशेब मांडणारे सुखात्मे

घोडेगाव परिसरात भाताच्या हंगामात शेताचा तुकडा आखून, कापून धान्य तोलले जाते. या पीककापणी प्रयोगामागे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे संख्याशास्त्र आहे. १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले. त्या काळी आणेवारी नजरेच्या अंदाजाने ठरे आणि शेतसाऱ्याची सूट तीवरच अवलंबून असे. १९४० च्या दशकात सुखात्मे यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडून मोजणीचा पाया घातला. तुकड्याच्या आकारावरून त्यांचा मतभेद झाला तो थेट प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. तुकडा फार लहान असला, तर कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे रोममध्ये, अन्न व कृषी संघटनेत, त्यांनी जगाच्या भुकेची मोजदाद केली. १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.