पेनिसिलीनच्या प्रयोगशाळेचे कारभारी : हॉवर्ड फ्लोरी

विद्यार्थी मित्रांनो, पेनिसिलीन म्हटले की तुम्हाला अलेक्झांडर फ्लेमिंग आठवतात आणि ते योग्यच आहे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात बुरशीचा जंतुनाशक गुण त्यांनीच प्रथम हेरला. परंतु त्या बुरशीतून रोग्याला टोचता येईल असे औषध निघाले ते सुमारे १२ वर्षांनी, ऑक्सफर्ड विद्यापीठात. ज्यांच्या कारभारामुळे हे घडले, ते हॉवर्ड फ्लोरी मात्र आपल्या फारसे परिचयाचे नाहीत.

फ्लोरी यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९८ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी झाला. वडिलांचा बूट तयार करण्याचा व्यवसाय होता. फ्लोरी वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच १९१८ साली वडील वारले आणि धंदाही बुडाला. शिष्यवृत्त्यांच्या आधारावर त्यांनी शिक्षण पुरे केले व रोड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला आले. पालकहो, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरण्याचे मोल यावरून ध्यानात यावे.

१९३५ साली ते ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजी या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. इमारत प्रशस्त होती, पण पैशाची चणचण कायमची. नव्या प्रमुखाने आधी माणसे शोधली. रोगांचा अभ्यास एकट्या डॉक्टरांच्या हातून पुढे जाणार नाही, त्याला रसायनशास्त्राची जोड हवी, हे त्यांनी ओळखले. हिटलरच्या जर्मनीतून १९३३ साली बाहेर पडलेले तरुण ज्यू रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट चेन यांना त्यांनी बोलावून घेतले. पाठोपाठ केंब्रिजहून नॉर्मन हीटली आले. हीटली अबोल, पण हाताचे विलक्षण कुशल. अशा प्रत्येकाला त्याच्या कुवतीचे काम द्यावे, साधने मिळवून द्यावीत आणि मग त्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशी फ्लोरी यांची रीत होती. स्वभाव रोखठोक, तोंडभर स्तुती त्यांच्याकडून क्वचितच होई. मात्र पैशासाठी अर्जांमागून अर्ज करणे हे ते प्रमुखाचेच कर्तव्य मानीत. देशात पुरेशी मदत मिळेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशनकडून ती मिळवली.

फ्लेमिंग यांचा विस्मरणात गेलेला लेख चेन यांच्या वाचनात आला आणि पेनिसिलीनवर काम सुरू झाले. हे औषध नाजूक, शुद्ध करताना नाश पावणारे. आम्ल व अल्कली यांचा आलटून पालटून उपयोग करून ते वेगळे काढण्याची युक्ती हीटली यांनी शोधली. २५ मे १९४० रोजी ८ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले व त्यांपैकी चौघांना पेनिसिलीन देण्यात आले. हीटली पहाटेपर्यंत जागले. औषध न मिळालेले चारही उंदीर तोवर मेले होते. औषध मिळालेले जिवंत होते.

युद्ध ऐन भरात असल्याने कारखाने हे काम घेण्यास तयार नव्हते. तेव्हा विद्यापीठाची प्रयोगशाळाच कारखाना बनली. रुग्णालयातील मलपात्रांत बुरशी वाढवण्यात आली. नंतर हीटली यांच्या आराखड्यानुसार चिनी मातीची भांडी घडवून घेतली. ६ तरुणी बुरशीच्या देखभालीस नेमल्या गेल्या. १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला औषध दिले, तो सुधारू लागला. पण साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. हा धक्का पचवून त्याच वर्षी फ्लोरी हीटलींसह अमेरिकेस गेले व तेथील शासकीय प्रयोगशाळा आणि कंपन्या यांना मोठ्या उत्पादनाच्या कामाला लावून आले.

श्रेयाच्या वाटणीकडे आता लक्ष द्या. ऑगस्ट १९४० मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये पहिला शोधनिबंध आला, त्यावर सातही नावे वर्णानुक्रमे होती. त्यांत मार्गारेट जेनिंग्ज व जीन ऑर-युइंग या दोन स्त्रिया होत्या. चेन पहिले, प्रमुख असूनही फ्लोरी दुसरे! पण सर्व काही गोड झाले असे नव्हे. अमेरिकेस आपल्याला नेले नाही हे चेन यांच्या मनाला लागले. फ्लोरी वार्ताहरांना दारात उभे करीत नसत, त्यामुळे सहकाऱ्यांचे कष्टही जगापुढे आले नाहीत. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना मिळाले. हीटली वगळले गेले. पुढे १९९० साली ऑक्सफर्डने त्यांना वैद्यकशास्त्रातील मानद डॉक्टरेट देऊन ते ऋण काही अंशी फेडले.

त्याच केंद्रात एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी १९५३ साली सेफॅलोस्पोरिन सी वेगळे काढले. एका शोधावर न थांबता माणसे घडत राहिली, हेच फ्लोरी यांच्या कारभाराचे खरे फळ होय. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेला पेनिसिलीनचा कारखाना हीही त्याच कामाची पुढची पायरी. २१ फेब्रुवारी १९६८ रोजी फ्लोरी यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यातील काही जण उद्या शिक्षक, मुख्याध्यापक, विभागप्रमुख होतील. योग्य माणूस हेरणे, त्याला साधने देणे आणि त्याच्या कामाचे श्रेय चारचौघांत त्याच्या पदरी घालणे, ही तीन कामे खुर्चीवर बसणाऱ्याची आहेत. पहिली दोन फ्लोरी यांनी उत्तम केली. तिसरे त्यांच्याकडून निम्मे राहिले. ते तुम्ही पुरे करा.