वर्गातले गुरुजी आणि संख्येचा वर्ग

(मुख्याध्यापकांच्या लेखणीतून)



मागच्या महिन्यात सातवीत बदली तास घेतला. संख्येचा वर्ग केला की ती मोठी होते की लहान, असे विचारले. सर्वांनी एका सुरात मोठी होते म्हणून सांगितले. मागच्या बाकावरील एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, सर, अर्ध्याचा वर्ग तर पाव येतो. वर्ग हसला, पण बरोबर तीच होती. अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद कापडाचा तुकडा हा चौरस मीटरचा पाव भाग असतो, हे कापड मार्केटमध्ये काम करणाऱ्या पालकांना सांगायला नको. वर्ग करणे म्हणजे संख्येची तिच्याच इतकी पट करणे. ९ ची नऊपट ८१ झाली, ०.९ ची ०.९ पट केली तर ०.८१, म्हणजे घटच. ० आणि १ जागचे हलत नाहीत.

त्या मुलीमुळे मला कापरेकर गुरुजींची आठवण झाली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. सुरतहून मुंबईला जाताना वापी, उंबरगाव मागे पडले की येते तेच डहाणू. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थी असतानाच १९२७ मध्ये त्यांना गणिताचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे ते शाळाशिक्षक होते.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले. हिंदीत मुले कक्षेत बसतात आणि संख्येचा वर्ग होतो. मराठीत दोन्हींना वर्गच म्हणतात, याची मला सुरुवातीला गंमत वाटायची. गुरुजींचे सारे आयुष्य या दोन वर्गांत गेले.

मोठ्या संख्येचा वर्ग अफाट वाढतो. दोन अंकी संख्या घेतली तर वर्ग तीन किंवा चार अंकी येतो. ३१ चा ९६१, ३२ चा १०२४. एवढ्या वाढीत मूळ संख्या हरवून जाते असे आपल्याला वाटते. गुरुजींनी ती पुन्हा शोधून काढली. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५, बेरीज ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० अधिक २५, पुन्हा ५५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

यात जादू नाही. २०२५ म्हणजे २० शेकडे आणि २५. प्रत्येक शेकड्याऐवजी एकच धरला की शेकड्यामागे ९९ कमी होतात, एकूण २० गुणिले ९९, म्हणजे १९८०. उरतात ४५. (नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी ४५ गुणिले ४४ करून पाहावे, तेच १९८० येतात.)

११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. या प्रकारच्या संख्यांची कल्पना त्यांना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, त्याच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध अंकाविषयी पुढे केव्हातरी लिहीन.

पण त्या काळी गुरुजींच्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. अनेकांना हे आकड्यांचे खेळच वाटले. शाळामास्तराचा पगार, तरी पदरमोड करून ते आपल्या छोट्या पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचे हे शिक्षक कळले. गुरुजी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

आता गृहपाठ. २९७ चा वर्ग ८८२०९ येतो. ८८ अधिक २०९ किती? तीन अंकी संख्यांत अशा आणखी दोन आहेत. एक सातशेच्या आसपास आहे, दुसरी अगदी शेवटी. कॅल्क्युलेटर न वापरता शोधा आणि वही घेऊन मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत या. सातवीची ती मुलगी कालच येऊन गेली, एक तिला सापडली आहे.