पगाराची खुर्ची सोडून नांगर घडवणारा मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

जयंती विशेष
ताडकळस (ता. पूर्णा) :

किर्लोस्कर हे नाव आपल्या भागातल्या कास्तकाराला नवीन नाही. विहिरीवरच्या मोटारीवर, आखाड्यावरच्या जुन्या डिझेल इंजिनावर, गोठ्यामागं गंज खात पडलेल्या लोखंडी नांगरावर हे नाव कित्येकांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे. पण ज्यांनी हे नाव लोखंडावर उमटवलं ते लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी पगारी मास्तर होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

२० जून ही त्यांची जयंती. याच दिवसांत आपल्याकडं पेरणीची घाई असते आणि याच दिवसांत घराघरात बारावी झालेल्या पोराचं पुढं काय, हा विषयही निघतो. पोलीस भरतीची तयारी करायची, स्पर्धा परीक्षेसाठी परभणीला नाहीतर पुण्याला खोली करून राहायचं, आयटीआय करून चाकण-वाळूजला कंपनीत लागायचं, का गावातच दुकान टाकायचं? बापाचं मत एक, पोराचं दुसरं, मामाचं तिसरं. हाच पेच लक्ष्मणरावांपुढं सव्वाशे वर्षांपूर्वी आला होता. त्यांनी नोकरी सोडली हे तर खरंच. पण कधी सोडली, सोडताना हातात काय होतं आणि सोडल्यावर काय भोगलं, हे नीट पाहिल्याशिवाय त्यांचं उदाहरण पोरांना देण्यात अर्थ नाही.

अभ्यासात मन न रमलेला पोरगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या होत्या, हातोडी-पाना नव्हता. लक्ष्मणचं मन शाळेच्या पुस्तकात काही लागेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, एक चित्रं काढायची आणि दुसरी यंत्रं उघडून पाहायची. अशा घरातल्या पोरानं हे करावं, हे त्या काळी कुणाला पटण्यासारखं नव्हतं. पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले.

तिथं दोन वर्षांत वेगळीच अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत, असं लक्षात आलं. चित्रकाराला रंग ओळखू येईनात म्हणजे रस्ताच बंद झाला. पण रेघ सरळ होती आणि हात स्थिर होता. म्हणून ते यंत्रांची रेखाटनं काढण्याकडं वळले. तिथं रंगाचं काम नसतं, मापाचं असतं.

मानाची, पगाराची नोकरी

१८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आज तिला व्हीजेटीआय म्हणून ओळखतात. सरकारी अनुदानावर चालणारी ती संस्था. तिथं लक्ष्मणरावांना यंत्रांची रेखाटनं शिकवणारे शिक्षक म्हणून नोकरी लागली. आजच्या भाषेत बोलायचं तर अनुदानित संस्थेवरची जागा. महिन्याच्या महिन्याला पगार, समाजात मान आणि पुढं वरच्या जागेची आशा. अशी नोकरी लागली की आपल्याकडं गावात पेढे वाटतात आणि सोयरिकीला माणसं घरी येऊ लागतात.

लक्ष्मणरावांनी मात्र ती नोकरी नुसती तास घेऊन केली नाही. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं होती. ती चालवायची कशी, बिघडली तर खोलायची कशी, हे ते स्वतः हात काळे करून शिकले. परदेशातली यंत्रांवरची मासिकं वाचली. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडं कधीच नव्हती. जे काही ज्ञान होतं ते त्या नोकरीत राहून, पगार घेत घेत कमावलेलं होतं.

पगार चालू, जोडधंदाही चालू

आता खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. नोकरीत असतानाच लक्ष्मणरावांनी रामूअण्णांबरोबर धंद्याला हात घातला. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घ्यायचे आणि बेळगावला भावाकडं धाडायचे. रामूअण्णा तिथं त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजते. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

या दुकानानं त्यांना रातोरात श्रीमंत केलं नाही. पण माल कुठून आणायचा, उधारी कुणाला द्यायची, बिघडलेली वस्तू दुरुस्त करून गिऱ्हाईक कसं टिकवायचं, हे दोघं भाऊ शिकले. चुकलं तरी पगार होता. बैल नवा घेतला की आपण आधी हलक्या कामाला जुंपून पाहतो, एकदम नांगराला जुंपत नाही. तसंच हे.

बढती हुकली

१८९७ च्या सुमारास संस्थेत वरची जागा निघाली. लक्ष्मणरावांचा त्या जागेवर हक्क होता. पण ती त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. इंग्रजांचं राज्य होतं. काम कितीही चांगलं असलं तरी वरच्या खुर्चीवर बसायला कातडीचा रंग पाहिला जायचा. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

अपमान झाला म्हणून तडकाफडकी नोकरी सोडली, असं हे वरवर दिसतं. अपमान होताच. पण त्या दिवशी त्यांच्याकडं तीन गोष्टी तयार होत्या. हातात यंत्रांचं पक्कं काम होतं. बेळगावात चालू दुकान होतं. आणि त्या दुकानात विश्वासाचा भाऊ होता. या तिन्हीतली एक जरी नसती, तर राजीनाम्याचा तो कागद कदाचित खिशातच राहिला असता.

दोन वर्षं नांगराला गिऱ्हाईक नाही

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगराला हात घातला. तोवर शेतकरी लाकडी नांगर वापरायचा. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण माती पालटत नाही. लोखंडी नांगर खालची ढेकळं वर आणतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या उघड्या पाडतो आणि उन्हात वाळवतो. आपल्या भारी काळ्या रानात याचा किती फरक पडतो, हे तीन-चार बैलजोड्यांचा नांगर हाकलेल्या जुन्या माणसांना सांगायची गरज नाही.

पण तेव्हा शेतकऱ्यांत समज असा होता, की लोखंडानं जमिनीत विष उतरतं आणि जमीन नासते. नांगर तयार होऊन पडले, घ्यायला कुणी येईना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आज आपण त्या शेतकऱ्यांना हसू शकतो. पण त्यांच्याही बाजूनं पाहावं. एक हंगाम चुकला तर ज्याचं वर्ष जातं, तो नवीन वस्तू शेजाऱ्याच्या रानात चालल्याशिवाय आपल्या रानात घालत नाही. बियाण्याच्या नव्या वाणाच्या बाबतीत आपण आजही हेच करतो.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना दर महिन्याला पगार देणारं कुणी नव्हतं. धंद्याचा रस्ता धरणाऱ्यानं हा भाग विसरू नये. वस्तू चांगली असणं वेगळं आणि ती विकली जाणं वेगळं. मधला काळ काढायची ताकद लागते. ती एका माणसाची नसते, घराची असते.

जागा गेली, औंधनं हात दिला

कारखाना जरा रुळावर येतो न येतो तोच बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितलं. तिथं नवी वस्ती बसवायची होती. यंत्रं, भट्टी, कामगार घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न पडला. त्या वेळी लक्ष्मणरावांकडं औंध संस्थानात एक बांधकाम होतं आणि तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. औंध म्हणजे आताच्या सातारा जिल्ह्यातलं गाव. संस्थान लहान, पण राजा जाणता. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचं रान होतं. सापांचा सुळसुळाट होता. पाण्याची बोंब होती. पण शेजारी रेल्वे होती, म्हणजे माल आणायला-धाडायला सोय होती. १९१० च्या मार्च महिन्यात २५ कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन लक्ष्मणराव तिथं उतरले. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या कारखाना-वसाहतींत तिचं नाव घेतात.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना आपण खाजगी उद्योगाचा आदर्श म्हणतो, त्यांना एका पालिकेनं उठवलं आणि एका संस्थानानं बसवलं. सरकार आणि खाजगी या दोन भिंती वाटतात तेवढ्या वेगळ्या कधीच नव्हत्या. जमीन, रस्ता, रेल्वे, कर्ज यातलं काहीतरी राज्यकर्त्याकडूनच येतं. कुठं चांगलं येतं, कुठं उलटं.

पदवी नसलेली माणसं

वाडीवर लक्ष्मणरावांनी माणसं कशी निवडली, हा भाग आजच्या पोरांनी जरूर वाचावा. शंभूअण्णा जांभेकर यंत्रात तरबेज होते, पण इंजिनिअरची पदवी नव्हती. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली, तरी नवं यंत्र रचण्यात त्यांचं डोकं चालायचं. के. के. कुलकर्णी परीक्षेत मागं पडलेले, पण व्यवस्थापनात पुढं निघाले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. गावाची आखणी, घरं, पाणी, झाडं हे सगळं रामूअण्णांच्या अंगावर होतं. तुरुंग भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर ठेवलं. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या काळात असं वागणं सोपं नव्हतं.

ही सगळी माणसं लक्ष्मणरावांकडं पगारावर होती, म्हणजे खाजगी नोकरच होती. पण राहायला घर होतं, मुलांना शाळा होती आणि कामाला इज्जत होती. खाजगी नोकरी म्हणजे कमी दर्जाची, असं ठरवून टाकण्याआधी हे पाहावं. आणि जिथं कंत्राटावर घेऊन वर्षाच्या आत घरी पाठवतात, तिथल्या मालकांनीही हे पाहावं.

तोफांचे नांगर झाले

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. नांगराला मागणी होती, पण ओतायला लोखंड नव्हतं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या निकामी झालेल्या जुन्या तोफा वाडीला दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

पुढं उसाचे चरक आले, पाण्याचे पंप आले. १९२० साली किर्लोस्कर खबर हे मासिक निघालं. तेच पुढं किर्लोस्कर मासिक म्हणून घरोघर वाचलं गेलं. लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव यांना अमेरिकेत इंजिनिअर होण्यासाठी पाठवलं. ते १९२६ साली शिकून परत आले आणि वाडीच्याच कामाला लागले. १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनांची कंपनी उभी राहिली. वीज न पोचलेल्या विहिरींवर धकधक करणारी इंजिनं गावोगाव गेली ती यानंतरच. १९४८ च्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. जे जळालं ते पुन्हा उभं केलं गेलं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

मग नोकरी का धंदा?

लक्ष्मणरावांचं चरित्र वाचून नोकरी सोडा आणि धंदा करा, असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच सांगतं. नोकरीनं त्यांना पोसलं, शिकवलं आणि जोखीम घेण्याइतपत उभं केलं. तिचा दरवाजा पुढं बंद झाला तेव्हाच त्यांनी ती सोडली. सगळ्यांनाच औंधचा राजा भेटत नाही आणि रामूअण्णांसारखा भाऊही प्रत्येक घरात नसतो.

पण उलटंही तितकंच खरं आहे. भरतीच्या एकाच जागेकडं डोळे लावून पाच-सहा वर्षं काढायची आणि त्या काळात हाताला दुसरं कुठलंच काम शिकवायचं नाही, हे लक्ष्मणरावांनी केलं नव्हतं. त्यांनी नोकरीत राहून कसब कमावलं. तयारी करणाऱ्या पोरालाही सकाळी धावून, दिवसा वाचून, उरल्या वेळेत मोटार भरायला, वेल्डिंग करायला, ट्रॅक्टर दुरुस्त करायला नाहीतर हिशेब लिहायला शिकता येतं. परीक्षा निघाली तर ते कसब वाया जात नाही. नाही निघाली तर वयाची मर्यादा संपली त्या दिवशी हात रिकामा राहत नाही.

घरात हा विषय निघेल तेव्हा सरकारी का खाजगी, हे शेवटी विचारावं. आधी तीन गोष्टी विचाराव्यात. पोराला कोणतं काम खरोखर येतं? पहिली दोन वर्षं काहीच आलं नाही, तर घर कशावर चालेल? आणि पाठीशी कोण उभं आहे? लक्ष्मणरावांकडं राजीनामा देताना या तिन्हींची उत्तरं होती.